पान एकशे त्रेचाळीस

थोरलीच्या पोटात दुखायला लागलं ते मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला, आणि त्याला कारण धाकटी.

हे दुखणं डॉक्टरला दाखवायचं नव्हे. दोन जावा एका छपराखाली राहिल्या की कधी ना कधी ते उठतंच, आणि ज्यांना उठलंय त्यांना समजावून सांगावं लागत नाही. थोरली खाली, धाकटी वर, मधे अठरा पायऱ्यांचा जिना. बारा वर्षांत त्या जिन्यावरून साखरेच्या वाट्या गेल्या-आल्या, पोरांचे स्वेटर गेले-आले, पण कधी आवाज चढला नव्हता. त्या मंगळवारी मात्र प्रकाशकांनी, ज्यांना ऑफिसात सगळे मालक म्हणत, एक जाडजूड गठ्ठा थोरलीच्या टेबलावर आणून ठेवला आणि हसत म्हणाले, "घ्या. घरचंच माणूस आहे, प्रेमानं वाचा."

गठ्ठ्यावर नाव होतं धाकटीचं. त्याखाली छापलं होतं: 'उत्तरेकडची खिडकी' या अजरामर प्रेमकथेचा पुढचा भाग.

"अगं बाई!" थोरली म्हणाली.

थोरली या प्रकाशनात मुद्रितशोधक होती. पुस्तक छापायला जाण्याआधी त्याची प्रुफं वाचायची आणि चुका काढायच्या, हे तिचं काम. एकतीस वर्षं तेच करत होती आणि ते तिला छान येत होतं. आणि 'उत्तरेकडची खिडकी' म्हणाल, तर ते नोकरीत तिच्या हातून गेलेलं पहिलं पुस्तक. गोष्ट साधी आहे. एक घड्याळजी, आणि त्याच्या दुकानासमोरच्या खिडकीत बसून शिवण शिवणारी एक मुलगी. दोघं बोलतात कमी, बघतात जास्त. मग त्याच्यावर गाव सोडायची वेळ येते. ती त्याला पत्र लिहिते, 'थांबलास तर मी तुझी आहे.' पत्र घेऊन टपालपेटीपर्यंत जाते, पेटीच्या तोंडाशी धरते, पुन्हा पिशवीत ठेवते आणि घराकडे वळते. तो निघून जातो. ती खिडकी लावून घेते. संपलं. त्या न टाकलेल्या पत्रापायी किती पोरींनी उशा भिजवल्या याची मोजदाद नाही. थोरलीनं स्वतःच्या दोन भिजवल्या होत्या.

पहिल्या आवृत्तीला कुणी कुत्रं विचारत नव्हतं. लेखक बिचारा तसाच गेला. नंतर दुसरी आवृत्ती निघाली, तिची प्रुफं थोरलीनं वाचली, आणि पुस्तक असं काही उचललं गेलं की विचारू नका. पुढच्या साऱ्या आवृत्त्या त्या दुसरीवरूनच निघाल्या. थोरलीला पुस्तक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पाठ. लेखकाच्या मागे या पुस्तकावर कुणाचा हक्क असेल तर तो आपला, असं ती कधी बोलून दाखवत नसे, पण मनात पक्कं धरून होती.

आणि हक्क नुसता मनातच नव्हता. कपाटात चादरींच्या खाली सात वह्या होत्या. पुढचा भाग तिनं स्वतःच लिहून काढला होता. तिच्या गोष्टीत चाळीस वर्षांनी भाचीला त्या पिशवीच्या अस्तरात पत्र सापडतं, आणि भाची ते म्हाताऱ्या घड्याळजीला नेऊन देते. लिहिताना थोरली इतकी रडली होती की तीन पानांवरची शाई फुटली. दोन वर्षांपूर्वी धीर करून तिनं मालकांपाशी विषय काढला, तर ते मोठ्यानं हसले. "तुम्ही चुका काढा हो! तुम्हीच लिहायला लागलात तर चुका कोण काढणार?" त्या दिवशी वह्या चादरींखाली गेल्या त्या गेल्याच.

आणि आता त्याच मालकांनी तेच पुस्तक धाकटीकडून लिहून घेतलं! शाळेच्या वाचनालयात पुस्तकांना नंबर चिकटवणारी धाकटी! चार मासिकांत चार गोष्टी काय आल्या, लागलीच लेखिकाबाई. आणि तिला 'उत्तरेकडची खिडकी' दिली कुणी? थोरलीनंच. नवीन लग्न होऊन आली तेव्हा तापानं फणफणली होती, म्हणून थोरलीनं स्वतःची प्रत तिच्या उशाशी नेऊन ठेवली होती. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा, दुसरं काय!

बरं, या पुढच्या भागांचं जे पीक आलं होतं त्यानं तर थोरलीचं डोकंच उठलं होतं. जो तो उठतो आणि जुन्या प्रेमकथेला शेपूट जोडतो. अशा चार कादंबऱ्या तिच्याच हातून गेल्या होत्या. एकीत धडधडीत मेलेला नायक जुळा भाऊ होऊन परत आला. दुसरीत जन्मभर वाट बघणाऱ्या नायिकेनं केस कापले आणि हॉटेल काढलं. तिसरीत ज्यांचं लग्न व्हावं म्हणून वाचकांनी देव पाण्यात घातले होते, ती दोघं वकिलाच्या ऑफिसात घटस्फोटाच्या कागदांवर सह्या करत बसली होती. चौथीबद्दल न बोललेलंच बरं. दर वेळी थोरली आशेनं पहिलं पान उलटायची आणि दर वेळी तोंडात माती. "अरे, त्यांना होते तिथे सुखानं राहू द्या की!" ती घरी येऊन नवऱ्यावर ओरडायची. नवरा म्हणायचा, "मी काय केलं?"

तेव्हा धाकटीचं पुस्तकही त्याच माळेचं निघणार, या खात्रीनं तिनं पेन्सिलीला टोक काढलं.

थोरलीचा एक नियम होता. चूक असेल तर लाल शाईनं सरळ दुरुस्त करायची. पण लेखकाचं म्हणणंच कुठे पटत नसेल, मागचं-पुढचं जुळत नसेल, तर तिथे समासात पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढायचं आणि शेजारी लिहायचं, 'खात्री करावी'. याला ऑफिसात शंका म्हणत. थोरलीची शंका आली की भल्याभल्या लेखकांना घाम फुटे.

पहिल्या वीस पानांत तिनं एकोणीस शंका काढल्या. शिवणारी मुलगी आता साठीची, आणि स्कूटरवर बसून भाजी आणायला जाते! शंका. घड्याळजी मोबाइलवर बोट फिरवत बसतो! शंका. थोरलीला कसं गार गार वाटत होतं. पोटातलं दुखणंही जरा कमी झालं. शेजारच्या टेबलावरच्या हिशेबनीस बाईंना ती म्हणाली, "हौसेला मोल नसतं हो, पण अक्कल तरी असावी."

पण साठाव्या पानाच्या पुढे कुठेतरी तिची पेन्सिल थांबली. म्हातारा घड्याळजी तिच्या घरी येतो, भिंतीवरचं बंद घड्याळ उतरवतो, कानाला लावतो आणि म्हणतो, "हे बिघडलेलं नाहीये. याला कुणी किल्लीच दिलेली नाही." ती खुर्ची पुढे सरकवते. थोरलीनं ते वाक्य तीनदा वाचलं. मग संध्याकाळी घरी गेल्यावर चादरींखालच्या सात वह्या काढून त्या तोडीचं एखादं वाक्य आपल्याकडे आहे का ते शोधलं. आसवं भरपूर होती, वाक्य नव्हतं. वह्या परत ठेवताना कपाटाचं दार तिनं इतक्या जोरानं लावलं की नवरा बाहेरून म्हणाला, "काय पडलं गं?"

"काही नाही," ती म्हणाली. जीव नुसता जळत होता. धाकटीचं वाईट असतं तर तिनं सोसलं असतं हो. चांगलं कसं सोसायचं?

आणि मग आलं पान एकशे त्रेचाळीस.

त्या पानावर दोघं बाकावर बसलेली असतात आणि घड्याळजी एकदम म्हणतो, "तुझं पत्र मला तिसऱ्या दिवशी मिळालं होतं. मी वाचलं. आणि तरी गेलो."

थोरली खुर्चीतून उठलीच. पत्र मिळालं? कुठलं पत्र? जे टाकलंच नाही ते? सगळ्या पुस्तकाचा प्राण त्या न टाकलेल्या पत्रात, आणि ही बया सांगते मिळालं! शाळेतलं पोरही अशी चूक करणार नाही. आणि पुढची शंभर पानं सगळी त्या वाक्यावर उभी. ते काढलं तर पुस्तकच खाली बसतं.

तिनं पेन्सिल समासात टेकवली. प्रश्नचिन्हाचं वरचं वळण काढायला लागतो किती वेळ? पण हात थांबला. तिच्या डोळ्यांपुढे पुस्तक बाहेर आलेलं दिसलं. वाचकांची पत्रं दिसली. 'लेखिकेनं मूळ कादंबरी वाचली तरी आहे का?' धाकटी खाली मान घालून बसली आहे, मालक कपाळाला हात लावून बसले आहेत, आणि मग मालक वळून म्हणताहेत, 'तुम्ही काहीतरी लिहिलं होतंत ना हो?'

एकतीस वर्षांत तिनं जाणूनबुजून एकही चूक पुढे जाऊ दिली नव्हती. तिनं पेन्सिल उचलली आणि पान उलटलं. बाकीच्या पुस्तकात एकंदर एकशे बारा शंका निघाल्या. त्या पानावर एकही नाही.

पुढच्या पंधरवड्यात धाकटी जिन्यात भेटली की थोरली जरा जास्तच गोड बोलायची. धाकटीही का कोण जाणे, तिच्याकडे डोळे भरून बघायची. एकदा तर म्हणाली, "वहिनी, तुमचे उपकार कसे फेडू?" थोरली "काहीतरीच तुझं" म्हणून आत सटकली.

धाकटीचं पुस्तक छपाईला गेलं. त्याच्याबरोबर जुनी 'उत्तरेकडची खिडकी' नव्यानं काढायची, दोन्ही जोडीनं विकायची, असा मालकांचा बेत होता. या वेळी ती पहिल्या आवृत्तीबरहुकूम करायची होती. पहिल्या आवृत्तीची प्रत कुठेच नव्हती, पण धाकटीनं ती आपल्या शाळेच्या जुन्या रद्दीतून शोधून मालकांना दिली होती. थोरलीनं ती पिवळी पडलेली प्रत उघडूनसुद्धा पाहिली नाही. पाठ असलेलं काय बघायचं? पण नियम तो नियम. एकानं प्रूफ मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं मूळ प्रतीवर बोट ठेवून ऐकायचं, आणि कुठे फरक आला की 'थांबा' म्हणायचं. ऑफिसात दुसरं माणूस मोकळं नव्हतं, म्हणून रविवारी दुपारी तिनं सगळं घरी आणलं आणि नवऱ्याला समोर बसवलं.

नवऱ्याला हे काम नवं नव्हतं. निवृत्त होईपर्यंत तो त्याच प्रकाशनात होता. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी ती प्रूफ वाचत होती आणि मूळ प्रतीवर बोट ठेवून समोर तोच बसला होता. सहा महिन्यांत लग्न झालं. त्याला आता नवा चष्मा लागला होता आणि तो मोठ्या उत्साहात होता.

थोरली वाचत सुटली. प्रुफाकडे नावालाच बघत होती, शब्द आपोआप येत होते. एकोणिसावं प्रकरण आलं. "तिनं पत्र पेटीच्या तोंडाशी धरलं," थोरली वाचत होती, "पुन्हा पिशवीत ठेवलं, आणि ती घराकडे वळली. घरी येऊन तिनं..."

"थांब," नवरा म्हणाला.

"काय थांब?"

"मधलं गेलं."

"काही जात नाही मधलं. चष्मा पुसा आधी."

नवऱ्यानं चष्मा पुसला नाही. त्यानं बोट हलू न देता वाचलं, "पुन्हा पिशवीत ठेवलं, आणि ती घराकडे वळली. कोपऱ्यापर्यंत गेली, आणि तिथून धावत परत आली. डोळे मिटून तिनं पत्र पेटीत टाकलं, आणि ती घराकडे वळली. घरी येऊन तिनं खिडकी लावून घेतली."

थोरलीनं प्रत त्याच्या हातातून ओढून घेतली. होतं. स्पष्ट छापलेलं होतं. 'ती घराकडे वळली' दोनदा होतं, आणि अक्षरं जुळवणाऱ्याची नजर पहिल्यावरून दुसऱ्यावर घसरली होती. जुळाऱ्यांचा हा जुनाच रोग. तो पकडायलाच तर समोर दुसरं माणूस बसवतात.

"तेव्हा प्रतीवर तुम्ही होतात," ती म्हणाली.

"होतो ना."

"मग थांबा का नाही म्हणालात?"

नवरा ओशाळा झाला. या वयात माणूस लाजला की बघवत नाही. "अगं, तू त्या पानाला आलीस आणि तुझा आवाज भरून आला," तो म्हणाला. "मी प्रतीकडे कुठे बघत होतो? तुझ्याकडेच बघत बसलो. त्याच संध्याकाळी नाही का तुला विचारलं?"

थोरलीला हसावं की रडावं कळेना. म्हणजे पत्र टाकलं होतं. घड्याळजीला ते मिळालं होतं. तो वाचून, सगळं कळून गेला होता, आणि धाकटीनं लिहिलं होतं ते शब्द न् शब्द खरं होतं. चुकली होती ती थोरली. एवढ्या लोकांनी एवढ्या उशा भिजवल्या त्या तिच्या चुकीवर, आणि तिच्या सात वह्या, ती पिशवी, ते अस्तर, ती भाची, सगळा डोलारा तिच्याच चुकीवर!

"राहू दे की," नवरा हळूच म्हणाला. "इतकी वर्षं कुणाचं काय अडलं? आपल्या दोघांशिवाय कुणाला कळणार आहे?"

खरंच, कुणाला कळणार होतं? ओळ गाळलेली राहिली तर धाकटीचं पुस्तक खोटं पडेल आणि वह्या खऱ्या राहतील. थोरली घोटभर पाणी प्यायली. आणि मग तिला आठवलं की ही प्रत आणली कुणी. धाकटीला माहीत होतं. दुसऱ्या आवृत्तीच्या आतल्या पानावर मुद्रितशोधन म्हणून थोरलीचं माहेरचं नाव छापलेलं आहे, तेही तिनं पाहिलं असणार. वाचनालयातली बाई ती, पहिलं तेच बघते. तरी मालकांजवळ बोलली नाही, घरात बोलली नाही, जिन्यात एक टोमणा नाही.

"मूळ प्रत ती मूळ प्रत," थोरली म्हणाली. तिनं लाल पेन घेतलं आणि गळलेल्या ओळी समासात आपल्या हातानं लिहिल्या. अक्षर नेहमीसारखं नीट आलं नाही. दुसऱ्या दिवशी मालकांना जाऊन सांगितलं, चूक माझी. मालक रागावतील असं वाटलं होतं, पण ते टाळी वाजवून म्हणाले, "वा! जाहिरातीला बरं झालं!"

तेवढ्यावर सुटका झाली असती तर बरं होतं. पण पुस्तकाची सुरुवातीची पानं, नाव, अर्पणपत्रिका वगैरे, छापतात सगळ्यात शेवटी. गुरुवारी दुपारी धाकटीच्या पुस्तकाचं ते शेवटचं प्रूफ थोरलीच्या टेबलावर आलं. वाचायचं, खाली 'छापावे' लिहायचं, सही करायची. दोन मिनिटांचं काम. तिनं अर्पणपत्रिकेचं पान उलटलं.

'थोरल्या वहिनींना. तापात असताना ही खिडकी त्यांनी माझ्या उशाशी आणून ठेवली. आणि माझ्या पुस्तकावर एकशे बारा शंका काढणाऱ्या वहिनींनी, सगळं कळून, पान एकशे त्रेचाळीसवर मात्र एकही काढली नाही. एवढं मोठं मन मला कधी मिळणार नाही.'

थोरलीचे कान तापले. धाकटीला वाटत होतं, आपली चूक उघडी पडणार हे कळूनही वहिनींनी ते पान जाऊ दिलं. हिशेबनीस बाईंनी विचारलं, "बरं वाटत नाही का?" सही केली की संपत होतं. पुस्तक छापलं जाईल, लोक वाचतील, म्हणतील, जाऊ असावी तर अशी. जन्मभर ज्या पुस्तकावर हक्क सांगितला त्यावर शेवटी तिचं नाव आलं होतं, आणि तेही धाकटीच्या हातून. तिला हवं होतं ते. लाज सोडून सांगायचं तर फारच हवं होतं.

तिनं पेन ठेवलं आणि पेन्सिल घेतली. 'सगळं कळून' याच्यासमोर, समासात, नीट वळण देऊन प्रश्नचिन्ह काढलं आणि शेजारी लिहिलं, 'खात्री करावी'. मग पान पर्समध्ये घालून ती घरी आली, आणि आपल्या दारात न थांबता अठरा पायऱ्या चढली.

धाकटीनं दार उघडलं. पान बघून तिला हसू फुटलं. "अय्या वहिनी, इथेसुद्धा शंका? आता काय चुकलं माझं?"

"तुझं नाही चुकलं," थोरली दारातच म्हणाली. आत जाऊन बसलं असतं तर धीर झाला नसता. "मला काही कळलेलं नव्हतं. मला वाटलं तू घोडचूक केलीयस. शंका काढली नाही ती तुझं चारचौघांत हसं व्हावं म्हणून."

धाकटीचं हसू गेलं. तिनं पान हातात घेतलं, पेन्सिलीच्या खुणेकडे बघितलं, मग थोरलीकडे. स्वयंपाकघरात दूध उतू जात होतं, त्याचा वास आला, पण दोघींपैकी एकही हलली नाही. मग धाकटीनं विचारलं, आणि विचारताना तिचा आवाज अगदी बारीक झाला होता, "आणि पुस्तक? पुस्तक कसं वाटलं, वहिनी?"

"चांगलं आहे गं," थोरली म्हणाली आणि तिला रडूच फुटलं. "म्हणून तर."